मर्सरीवाले

मर्सराइज्ड या इंग्रजी शब्दातलं पहिलं अक्षर मोठं काढायचं की लहान, एवढंच त्याला विचारायचं होतं.

तो माझा जुना विद्यार्थी. आता एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. माल परदेशी जातो, त्यामुळे लेबलांवरचा मजकूर इंग्रजीत लागतो, आणि छापायला टाकण्याआधी तो एकदा माझ्या नजरेखालून घालतो. मी बत्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते आहे. अशा कामांना नाही म्हणता येत नाही, आणि खरं सांगायचं तर आता नाही म्हणायचाही कंटाळा येतो.

एप्रिल होता. दुपारचे तीन. कॉलेजातून येऊन मी आप्पांना जेवू घातलं होतं, ताटं तशीच ओट्यावर पडली होती आणि मी पंख्याखाली फरशीवर पाठ टेकली होती. आप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच आहेत, जुळे सोलापुरातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. माझे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, मुलगा पुण्याला नोकरीत. घरात आम्ही दोघंच. आप्पांना कमी ऐकू येतं आणि मला दिवसभर वर्गात बोलून घरी बोलवत नाही, त्यामुळे आमचं बरं चालतं.

"मॅडम, छापणारा म्हणतोय मोठंच पाहिजे," विद्यार्थी फोनवर सांगत होता. "त्याचं म्हणणं, हे कुणाचं तरी नाव आहे."

"कुणाचं नाव? काहीतरी सांगतो. विशेषण आहे ते. लहान काढ."

"नक्की ना मॅडम?"

"बघून सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला. बघून सांगते म्हणाले, कारण त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की हा शब्द मी जन्मात कधी शब्दकोशात बघितलेला नाही. दुसरा कुठला शब्द असता तर मला काही वाटलं नसतं. पण या शब्दावर आमचं घर चाललं होतं. गल्लीत आम्हाला आमच्या आडनावानं कुणी ओळखत नव्हतं. आम्ही मर्सरीवाले.

आप्पा मूळचे करकंबचे. घरी भावंडं पुष्कळ आणि रान थोडं, म्हणून विशीत सोलापूरला आले. ओळखीनं एका प्रोसेस हाऊसमध्ये लागले. तिथं सुताला रंग द्यायच्या आधी चमक देत. त्या खात्याला कामगार मर्सरी म्हणत. आप्पा मर्सरीवर लागले ते पस्तीस वर्षं मर्सरीवरच राहिले.

मी आत एकदाच गेले होते, आठ-नऊ वर्षांची असताना, आई आजारी होती म्हणून डबा घेऊन. मोठी शेड, ओली फरशी, आणि घशात बसेल असा वास. आप्पा पायात गमबूट आणि कमरेला रबराचं फडकं बांधून उभे होते. दोन लोखंडी रुळांवर ते सुताच्या लड्या चढवत. मग रूळ एकमेकांपासून लांब सरकत, लडी तारेसारखी ताठ होई, आणि खालून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं भरलेलं भांडं वर येऊन तिला भिजवी. मी विचारलं, एवढं ओढून धरायचं कशाला?

"कॉस्टिकमंदी सूत आकसतंय," आप्पा म्हणाले. "ढिलं सोडलं की गोळा हुतंय. ताणून धरलं की चमकतंय. हात लावू नगं, चामडं जातंय."

त्यांच्या हाताचं चामडं गेलेलंच होतं. तळवे पांढरे, सुरकुतलेले, सतत धुणं धुणाऱ्या बाईसारखे. नखं मऊ. घरी आले की आई वाटीत खोबरेल घेऊन बसायची आणि ते दोन्ही हात तिच्यापुढं धरून डोळे मिटायचे. बोलायचे नाहीत. थकलेला माणूस कसा दिसतो हे मला फार लवकर कळलं.

मर्सरी म्हणजे काय, याचं उत्तर गल्लीत प्रत्येकाकडं होतं. शेजारचे एक काका म्हणायचे, मरंस्तोवर करायची म्हणून मर्सरी. आप्पा मात्र ठामपणे सांगायचे की तो तेलुगू शब्द आहे. त्यांना तो त्यांच्या रंगमास्तरांनी शिकवला होता. मास्तर सोलापूरच्या पूर्व भागातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे विणकर, घरात तेलुगू बोलणारे. तेलुगूत 'मेरिसे' म्हणजे चमकणारं. मेरिसेचं मर्सरी झालं. आप्पांना हे एकदम पटलेलं होतं आणि मलाही लहानपणी पटलं. चमकणाऱ्या सुताला चमकणारं म्हणतात, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

शाळेत मात्र या शब्दानं माझी फजिती केली. पाचवीत नव्या बाई आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकीला वडील काय करतात ते विचारलं. मी उभी राहून म्हणाले, "मर्सरीत असतात."

बाई हसल्या. "मर्सरी नाही गं, नर्सरी. म्हण नर्सरी."

मी म्हणाले, नर्सरी. बाईंनी वहीत लिहून घेतलं. मागच्या बाकावर आमच्याच गल्लीतली एक मुलगी बसली होती. ती काही बोलेल म्हणून मी श्वास रोखून धरला, पण ती काही बोलली नाही. खरं सांगायचं तर मला आवडलं. रोपांमध्ये काम करणारे वडील मला आवडले. गमबूट, कॉस्टिक, तो वास, हे सगळं एका अक्षरात पुसलं गेलं होतं.

पुढं जुलैमध्ये शाळेच्या अंगणात झाडं लावायची ठरली आणि बाई मला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना सांग, चार गुलाबाची रोपं आणा म्हणावं शाळेसाठी."

दोन दिवस मी जेवले नाही नीट. तिसऱ्या दिवशी आईनं खोदून विचारलं तेव्हा रडत रडत सगळं सांगितलं. आप्पा खाटेवर बसले होते. त्यांनी ऐकलं. मला वाटलं आता रागावतील. ते उठले, तोंड धुतलं आणि झोपले.

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या वेळी ते फाटकात उभे दिसले. रात्रपाळी करून तसेच आले होते. डोळे लाल. दोन्ही हातांत काळ्या पिशव्यांमधली चार रोपं. कुठून आणली, कुणाकडून, मला आजतागायत माहीत नाही. बाई कौतुकानं म्हणाल्या, "छान आहेत हो. तुमच्या नर्सरीतलीच का?"

आप्पा म्हणाले, "व्हय बाई."

"पाणी रोज घालायचं का?"

"एक दिवसाआड घाला. मुळाशी चिखल करू नगा."

शेतकऱ्याचाच मुलगा तो. उत्तर बरोबरच होतं. घरी जाताना मी त्यांच्या मागून चालत होते. आमच्यात त्या दिवशी त्यावर बोलणं झालं नाही, नंतरही कधी झालं नाही.

अशा घरात वाढून मी इंग्रजीची एम.ए. झाले, बत्तीस वर्षं मुलांना शब्दांची मुळं सांगत राहिले, आणि हा एक शब्द बघायचा राहून गेला. राहून गेला की मीच टाळला, कोण जाणे.

त्या दुपारी उठून कपाटातला मोठा शब्दकोश काढला. छापणाऱ्याचं खरं होतं. मर्सर हे आडनाव होतं. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात होऊन गेलेल्या एका माणसाचं. त्याच्या आडनावावरून क्रियापद झालं आणि क्रियापदावरून विशेषण. मोबाइलवर आणखी शोधत बसले. तो माणूस हातमागवाल्याचा मुलगा. लहान वयात मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामाला लागलेला. शाळा नाहीच. लिहायला-वाचायला शिकला तो कामावरच्याच एका सोबत्याकडून. पुढं कापडाच्या रंगांच्या नादी लागला. एकदा कॉस्टिक गाळायला त्यानं सुती कापड वापरलं आणि ते कापड जाड झालं, आकसलं, पण मजबूत झालं आणि रंगही जास्त धरायला लागलं. त्यानं आपल्या नावावर त्याची नोंदणी करून घेतली. पण कापड आकसतं म्हटल्यावर गिरणीवाल्यांना ते नको होतं. चमक तेव्हा नव्हतीच. ती आली फार नंतर, हा माणूस जाऊनही बरीच वर्षं झाल्यावर. दुसऱ्या एकानं शोधून काढलं की कॉस्टिकमध्ये असताना सूत ताणून धरलं तर ते आकसत नाही आणि रेशमासारखं चमकतं. पण शब्दात नाव राहिलं ते पहिल्याचंच.

आणखी एक होतं. त्या आडनावाचाच जुना अर्थ कापडाचा व्यापारी. म्हणजे कुणा पूर्वजाच्या धंद्यावरून आडनाव पडलं, आणि आडनावावरून परत धंद्यातलाच शब्द झाला.

मी विद्यार्थ्याला लिहिलं: नाव आहे हे खरं, पण वापरून वापरून त्याचं नावपण गेलं आहे, लहान अक्षर चालेल. मग ओट्यावरची ताटं घासली. घासताना सारखं वाटत होतं की हे आप्पांना सांगायला हवं, आणि सारखं वाटत होतं की कशाला. त्यांना मोठ्यानं सांगावं लागतं. प्रत्येक गोष्ट दोनदा. एवढा इंग्लंडातला इतिहास ओरडून सांगायचा म्हणजे अंगात बळ हवं.

चहाच्या वेळी सांगितलाच.

"आप्पा, मर्सरी हे माणसाचं नाव आहे."

"कुणाचं?"

"माणसाचं! एका इंग्रजाचं आडनाव."

आप्पांनी बशी खाली ठेवली. "मेरिसे न्हाय?"

"नाही. तेलुगू नाही. इंग्रजी."

मग मी तुकड्या-तुकड्यानं सगळं सांगितलं. विणकराचा मुलगा हे त्यांना आवडलं. कांड्या भरायला होता म्हटल्यावर "व्हय?" म्हणाले. कापड गाळणीसारखं वापरलं यावर मान डोलावली. आणि चमक नंतरच्या माणसानं आणली हे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडं एकदम रोखून बघितलं.

"म्हंजी ताण देणारा येगळाच."

"हो."

"त्याचं नाव कुटं गेलं?"

"पुस्तकात आहे. शब्दात नाही."

"असं व्हय," आप्पा म्हणाले आणि आपल्या हातांकडं बघत राहिले. मग चहा गार झाला म्हणून मी तो परत गरम करून आणला. तेवढ्यात त्यांनी पुढचं ठरवून टाकलं होतं.

"मास्तरला सांगाय पायजे."

"कुठल्या मास्तरला?"

"रंगमास्तरला. जलमभर मला चुकीचं सांगत बसला की. येवड्या मोट्यानं सांगायचा, जसं काय ह्याच्या आज्यानंच मशीन बांदलं." आप्पा हसत होते. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना दात नसलेल्या हिरड्या दाखवून हसताना बघितलं. "चल. रविवारी जाऊ."

मास्तर नव्वदीला टेकलेले. दोघांची भेट होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. रविवार हा माझा आठवड्यातला एकच दिवस. धुणं, दळण, पेपर तपासणं, आप्पांच्या औषधांचे डबे भरणं, सगळं त्याच दिवसावर लोटलेलं असतं. त्यात लिफ्ट बंद. चार मजले त्यांना उतरवायचं म्हणजे अर्धा तास आणि चढवायचं म्हणजे किती, याचा हिशेब मी केला नाही. म्हटलं, जाऊ.

वाटेत नवी पेठेत रिक्षा थांबवायला लावली. मास्तरांकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, टॉवेल न्यायचा. आप्पा रिक्षातच बसून राहिले आणि दुकानदार माझ्या सांगण्यावरून चार-पाच टॉवेल बाहेर घेऊन आला. आप्पांनी एकेक बोटांनी चोळून बघितला, पण बोटांना आता काही कळत नाही. मग ते टॉवेल गालाला लावून बघायला लागले. मागं गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"हे मर्सरी न्हाय."

"आहे हो बाबा," दुकानदार म्हणाला. "लेबलवर लिहिलंय बघा."

"लेबलला कोन इचारतंय? न्हाय म्हंजी न्हाय. दुसरा दाव."

पाचवा टॉवेल त्यांनी गालावर जरा जास्त वेळ धरला आणि डोळे मिटले. "ह्यो हाय," म्हणाले. दुकानदारानं लेबल उलटून बघितलं आणि टॉवेल पिशवीत घातला.

मास्तरांचं घर बोळाच्या टोकाला. बाजूच्या घरात यंत्रमाग चालू होते, रविवार असूनही. त्यांची सून ओसरीवर सुपात तंबाखू आणि पानं घेऊन विड्या वळत बसली होती. मला बघून उठायला लागली. "या ताई, बसा की. मामा आत आहेत." आणि आत वळून मोठ्यानं म्हणाली, "मामा, मर्सरीवाले आले!"

मास्तर लोखंडी कॉटवर पडून होते. अंगात मूठभर मांस राहिलेलं नाही. डोळ्यांना फार दिसत नसावं, कारण ते दाराऐवजी भिंतीकडं बघत म्हणाले, "कोण? तूच का रे? मेला नाही अजून?"

"तुमी जायची वाट बघाय लागलोय, मास्तर."

दोघंही हसले. हसताना मास्तरांना खोकल्याची उबळ आली आणि सुनेनं येऊन त्यांना उशीला टेकवून बसवलं. आप्पांनी टॉवेल त्यांच्या मांडीवर ठेवला. मास्तरांनीही तो आधी गालाला लावला.

"चांगला आहे," मास्तर म्हणाले. "ताण बरोबर आहे."

मग इकडचं-तिकडचं झालं. कोण गेलं, कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा कुठं लागला. गेलेल्यांचीच यादी मोठी होती. चहा आला. बशीत ओतून मी आप्पांना दिला. तेव्हा आप्पा सरसावून बसले.

"मास्तर, माझ्या पोरीनं आपल्या मर्सरीचं पुस्तकात बघितलंय."

"काय बघितली?"

"मर्सरी सबुद कुटनं आला त्ये."

"त्यात काय बघायचं आहे?" मास्तरांचा आवाज एकदम मोठा झाला. "मेरिसे! मी पहिल्या दिवशी सांगितलो की तुला. अदि मा माटा. आमचा शब्द आहे तो."

"त्ये ऐका तर खरं..."

"तू ऐक. तू काल आलेला माणूस. मशीन आलं तेव्हा मी होतो. माझे वडील होते." मास्तर माझ्याकडं, म्हणजे माझ्या आवाजाच्या अंदाजानं, वळले. "अम्मा, तुला सांगतो. त्याच्या आधी आम्ही सगळं हातानं करायचो. मुंबईहून एक साहेब आला मशीन घेऊन. पेटीएवढं नाही, खोलीएवढं. आमचे लोक बाहेरच उभे राहिले. म्हणाले, हे आमच्या पोटावर पाय द्यायला आणलं आहे. कुणी हात लावेना. साहेब सगळं इंग्रजीत बोलायचा, काही कळायचं नाही. बोलता बोलता तो म्हणाला, मेरिसेराइज की काहीतरी. माझे वडील पुढं उभे होते. ते मागं वळून म्हणाले, अरे, ऐकलं का? मेरिसे म्हणतो. हा आपलाच शब्द बोलतो. म्हणजे काम आपलंच आहे. मग वडील आत गेले. त्यांच्या मागं मी गेलो. मग सगळे आले."

सांगून ते दमले. सुनेनं पाणी पाजलं. ओसरीवरून तंबाखूचा वास येत होता आणि शेजारचे माग खडखडत होते. आप्पांनी ही गोष्ट आधी ऐकलेली नसावी. पस्तीस वर्षं शेजारी उभं राहून काम केलं तरी काही गोष्टी सांगायच्या राहतातच.

"काय लिहिलंय मग पुस्तकात?" मास्तरांनी मला विचारलं. "तू तर इंग्रजीची मास्तरीण. सांग की ह्याला."

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. आडनाव, क्रियापद, विशेषण. वर्गात मी हे फळ्यावर तीन बाण काढून समजावलं असतं. चुकीचं मूळ सांगणाऱ्या मुलाचं मी बत्तीस वर्षांत कधी बरोबर म्हटलेलं नाही. अजूनही वाटतं की तिथं खरं सांगितलं असतं तरी आभाळ कोसळलं नसतं. मास्तर चिडले असते, आप्पा जिंकले असते, दोघांनी आणखी एकेक चहा घेतला असता. मी आप्पांकडं बघितलं. हे सांगायलाच तर ते चार मजले उतरून आले होते.

"त्येच लिवलंय," आप्पा म्हणाले.

"काय?"

"मेरिसे! तुमचंच बरोबर हाय. त्येच सांगाय आलतो."

मास्तरांनी मान माझ्याकडंच ठेवली. त्यांना आप्पांचं नको होतं, मास्तरणीचं हवं होतं.

"हो मामा," मी म्हणाले. "तेच लिहिलंय."

"मग?" मास्तर उशीवर मागं टेकले. "मी काय सांगत होतो."

निघताना सुनेनं मला कुंकू लावलं. आप्पांनी मास्तरांचा हात हातात घेतला. दोघांचे तळवे सारखेच होते, गुळगुळीत, पांढरट. मग मास्तर म्हणाले, "जा आता, मला झोप येते."

परतीची रिक्षा धरली. ऊन उतरलं होतं पण रस्त्यातून वाफ येत होती. माझ्या डोक्यात उद्याचं सकाळचं पहिलं लेक्चर होतं आणि न भिजवलेलं धुणं होतं, आणि मला स्वतःचा राग आला होता की नव्हता हेही नीट कळत नव्हतं. खोटं बोलून आल्यावर हलकं वाटायला नको, पण वाटत होतं, आणि त्याचाही शीण आला होता.

बिल्डिंगपाशी आलो. लिफ्ट बंदच. पहिला मजला आम्ही न थांबता चढलो. दुसऱ्यावर आप्पा कठडा धरून उभे राहिले.

"आप्पा, सांगायचं होतं ना तुम्हाला?"

"आं?"

"सांगायला गेला होता ना? मग?"

त्यांनी दम घेतला. "त्येचा बाप आत गेला म्हनून समदी आत गेली. आता त्येला कुटं बाहीर काढू?"

मी त्यांच्या कोपराला हात दिला.

"आन्‌ तुज्या त्या इंग्रजाचं काय बिगडतंय? त्येचं नाव हाय की पुस्तकात."

तिसऱ्या मजल्यावर त्यांचे पाय थरथरायला लागले. तिथल्या वहिनींनी दार उघडं ठेवलं होतं. आवाज ऐकून त्या प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आल्या. "बसा काका, घाई कसली?" आप्पा बसले. वहिनींनी त्यांना गार पाणी दिलं, मलाही दिलं, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या.

मी पायरीवर टेकले. आणखी सोळा पायऱ्या होत्या. वर जाऊन भात टाकायचा होता. बघते तर आप्पांना बसल्या बसल्या झोप लागली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे पडलेले. त्यांना उठवायला हवं होतं. मी भिंतीला डोकं टेकलं आणि म्हटलं, पाच मिनिटं झोपू देत. वहिनींनी आतून दोनदा डोकावून बघितलं आणि जिन्यातला दिवा लावून गेल्या.